नॉकबऱ्याच्या गडावरची अंगारकी

"पाचच्या आत खाली या," हातातली किल्ली खेळवत फाटकावरचा तो म्हातारा म्हणाला. "धुकं यायचंय."

मी वर बघितलं. आभाळ निळंशार. टेकडीवर तो नॉकबऱ्याचा किल्ला उन्हात पाय पसरून बसलेला. कसलं धुकं नि कसलं काय!

"ह्याला कुलूप घालून घरी जायची घाई झालीय," मी विहीणबाईंना मराठीत म्हटलं. "आमच्या पोस्टातला शिपाई असाच करायचा."

विहीणबाई हसल्या नाहीत. त्या फाटकाच्या दगडावर टेकल्या होत्या आणि रुमालानं कपाळ पुसत होत्या. एप्रिल महिना, अंगात दोन स्वेटर घालावेत असा वारा, आणि ह्या बाईला घाम! मी ते बघितलं. बघूनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

"तुम्ही बसा हवं तर खाली," मी म्हटलं. "तुम्हाला झेपायचं नाही ते."

झालं. त्या ताडकन उठल्या. "मी सिंहगड सत्तावीस वेळा चढलेय, विहीणबाई," म्हणाल्या आणि माझ्यापुढं चालायला लागल्या.

आधी आम्ही दोघी कोण ते सांगते. मी शरयू गिजरे, राहणार कऱ्हाड. पोस्टात खिडकीवर तीस वर्षं काढली, त्यामुळं माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. त्या प्रमिला देवधर, पुण्याच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. विषय भूगोल. त्यांची ऋता माझ्या सौमित्रला दिलेली. पोरं डब्लिनला नोकरीला. ऋताला आठवा संपत आलेला. बाळंतपणाला आई येतेच, तशा त्या आल्या. आणि नातवंड माझंही आहे म्हणून मीही गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. दोन खोल्यांचं घर आणि त्यात दोन विहिणी. डिंकाचे लाडू कुणी वळायचे इथपासून आमचं जुंपायचं. तेही अगदी गोडीगुलाबीनं, अहोजाहो करून. शेवटी सौमित्रनं हात टेकले आणि आम्हा दोघींना एका दिवसाच्या बससहलीत बसवून दिलं. "खेडी बघा, किल्ला बघा, संध्याकाळी या," म्हणाला. त्याला एक दिवस शांतता हवी होती, दुसरं काही नाही.

माझ्या मनात ह्या बाईबद्दल एक अढी होती, ती पण सांगून टाकते. साखरपुड्यात मी स्वतःच्या हातानं पेढा पुढं केला, तर ह्यांनी मान फिरवली. "मला गोड चालत नाही." शंभर माणसांत. मी म्हटलं, बरं! कऱ्हाडचा पेढा पुण्याला चालत नाही होय! लग्नात जिलबीला हात लावला नाही, की पुढं कधी आमच्या घरचा लाडू तोंडात घातला नाही. मी तेवढं धरून बसले होते.

आता त्या सकाळचं. त्या दिवशी अंगारकी होती. पहाटे उठून विहीणबाईंनी भिजवलेला साबुदाणा बाहेर काढला. मी चहा घेत होते. माझी जीभ वळवळलीच.

"वा! खिचडी का? आमच्याकडं बाई अंगारकीला काही खात नाहीत. एकादशी नि दुप्पट खाशी असला उपास काय कामाचा?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी साबुदाणा झाकून परत फ्रिजमध्ये ठेवला. मग ऋतानं शेल्फवर ठेवलेल्या गणपतीपुढं उभ्या राहिल्या, तळहातावर पाणी घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऋताची सुखरूप सुटका होऊ दे. आज चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही." आणि पाणी सोडलं.

निर्जळी! मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या पर्समध्ये तेव्हा राजगिऱ्याचे तीन लाडू होते. बसमध्ये त्यांचा डोळा लागला तेव्हा मी त्यातले दोन खाल्ले. एकला बस जेवायला थांबली तेव्हा मी चहा घेतला, आणि टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या त्यातल्या सात-आठ उचलून पर्समध्ये टाकल्या. सवय माझी. विहीणबाईंनी ते बघून तोंड दुसरीकडं केलं. त्या समोर नुसत्या बसून होत्या.

तर आम्ही गड चढत होतो. गड म्हणजे आपल्याकडच्यासारखा नव्हे. वीस मिनिटांची चढण, हिरवळीतून पायवाट, दोन्हीकडं मेंढ्या. बसमधले बाकीचे लोक खालच्या गावात खरेदीला गेले होते, वर आम्ही दोघीच. माथ्यावर एक पडकी भिंत, एक अर्धा बुरूज, मध्ये अंगण, आणि सगळीकडं कावळ्यांच्या जातीची काळी पाखरं. एका बाजूच्या भिंतीला माणसाएवढं भगदाड होतं. एके काळी खिडकी असणार. मी तिथून वाकून बघितलं आणि झटकन मागं सरले. खाली सरळसोट कडा. तळाला दगडांची रास.

"ही पश्चिम," विहीणबाई मागून म्हणाल्या. त्यांचा श्वास लागला होता, पण मास्तरीण ती मास्तरीण. "समुद्र ह्या बाजूला आहे. वारा इकडूनच येतो, म्हणून ही भिंत आधी पडली."

"तुम्ही जरा बसा," मी म्हटलं. त्यांचे ओठ पांढरे दिसत होते.

"मला काही झालेलं नाही."

मग मी बुरुजाकडं गेले, फोटो काढले. पाच मिनिटं झाली असतील फार तर. मागं वळले तर खालचं गाव नाही, बस नाही, मेंढ्या नाहीत. दरीतून पांढरं काहीतरी वर येत होतं आणि बघता बघता ते अंगणात शिरलं. ती काळी पाखरं एकदम गप्प झाली. मला माझे स्वतःचे बूटसुद्धा धड दिसेनात.

"विहीणबाई!"

मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"अहो विहीणबाई! कुठं आहात?"

माझा आवाज कुठं जातच नव्हता. भिंत चाचपडत मी पुढं निघाले, एका दगडाला ठेचकाळले, गुडघा फुटला. आणि मग त्यांचा आवाज आला. हळू, लाडात आल्यासारखा.

"आले गं, आले. थांब जरा. दार उघडते."

मला आधी वाटलं कुणीतरी आलंय आणि त्या त्याच्याशी बोलतायत. मग धुक्यात त्यांचा शाल पांघरलेला पाठमोरा आकार दिसला. त्या चालत होत्या. त्या भगदाडाकडं.

मी ओरडले नाही. ओरडले तर त्या दचकून पाऊल टाकतील असं वाटलं. मी पळाले, फुटक्या गुडघ्यानं, आणि त्यांची शाल धरली. शाल हातात आली, बाई पुढं गेल्या. मग मी त्यांच्या कमरेलाच मिठी घातली आणि दोघी मागं आदळलो. त्यांची एक चप्पल सुटून कड्यावरून खाली गेली. ती पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"काय करत होता तुम्ही? वेड लागलंय का?"

"ऋता हाक मारतेय," त्या म्हणाल्या. डोळे माझ्याकडं, पण नजर माझ्यावर नाही. "तिच्या पोटात दुखतंय. दार उघडायला हवं ना."

"ऋता इथं नाहीय हो! ती घरी आहे!"

त्यांचं अंग घामानं थबथबलं होतं आणि बर्फासारखं गार. हात थरथरत होते. जीभ जड झाली होती. मला वाटलं वारा लागला, मग वाटलं बाहेरची बाधा झाली. खोटं कशाला सांगू, परक्या मुलखातल्या पडक्या किल्ल्यात मनात काय वाट्टेल ते येतं. मी मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले आणि चौथ्या ओळीला अडले. रोज म्हणते मी ती, तरी अडले. मोबाइल काढला तर त्यावर एक रेघ नाही. "हेल्प! हेल्प!" ओरडले. एक पाखरू ओरडलं, बस्स.

त्यांचं तोंड पुसायला रुमाल हवा म्हणून मी त्यांची पर्स उघडली. रुमालाखाली गोळ्यांची पट्टी. मी ती ओळखली. आमच्या पोस्टातले जगदाळे ह्याच गोळ्या घ्यायचे, जेवायच्या आधी एक. आणि एकदा जेवायला उशीर झाला तेव्हा ते असेच खिडकीवर घामाघूम होऊन काहीबाही बरळायला लागले होते. साखर उतरली होती त्यांची. साहेबांनी तोंडात साखर कोंबली म्हणून वाचले. डॉक्टर नंतर म्हणाले होते, अजून अर्धा तास गेला असता तर बेशुद्ध झाले असते, मग काही खरं नव्हतं.

साखर! अहो, ह्या बाईला साखरेचा आजार होता! मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्न ठरताना लपवलं होतं. मुलाकडची माणसं म्हणतील आईला आहे म्हणजे मुलीलाही होणार, स्थळ हातचं जाईल. म्हणून तो पेढा. म्हणून ती जिलबी. सहा वर्षं ही बाई माझे टोमणे गिळत होती, आणि आज माझ्या एका टोमण्यापायी, सकाळी सवयीनं गोळी घेऊन, दिवसभर पोटात कण नाही की पाणी नाही.

"विहीणबाई, गोळी घेतलीत सकाळी? सांगा मला!"

"उठल्या उठल्या घेतली," त्या म्हणाल्या. तेवढं त्यांना उमगलं. "कुणाला सांगू नका हं. लग्न मोडेल."

मी रडायला लागले. रडत रडत पर्समधल्या साखरेच्या पुड्या काढल्या, फोडल्या आणि पाण्याच्या बाटलीत ओतल्या. पाच की सहा, आठवत नाही. घाईत अर्धी साखर माझ्या बोटांतून गवतात गेली. बाटली हलवून त्यांच्या ओठांना लावली.

त्यांनी दात घट्ट आवळले.

"प्या हो!"

मान नाही म्हणून हलली.

"साखरपाणी आहे. प्या, बरं वाटेल."

"चंद्र," त्या म्हणाल्या. "चंद्र बघितल्याशिवाय नाही. ऋताच्या बाळासाठी."

जबरदस्तीनं ओतायला मला भीती वाटली. अशा माणसाच्या घशात पाणी ओतलं तर ते श्वासात जातं, हेही जगदाळ्यांच्या वेळी ऐकलेलं. सोडून खाली पळावं तर ह्या उठून पुन्हा त्या भगदाडाकडं जाणार. आत्तासुद्धा मी धरलं होतं म्हणून बसल्या होत्या. त्यांनी आपण होऊन घोट गिळायला हवा होता, आणि त्यांना गिळायचा नव्हता.

मी सगळं करून बघितलं. हात जोडले. "मी खोटारडी आहे, विहीणबाई. सकाळपासून दोन लाडू खाल्लेत मी, राजगिऱ्याचे. आमच्याकडं कुणी निर्जळी करत नाही. मी नुसती तुम्हाला टोचायला बोलले. प्या!"

"तुमचा उपास तुमच्यापाशी," त्या पुटपुटल्या.

"बरं, कऱ्हाडात आत्ता रात्रीचे पावणेदहा वाजलेत. तिथं उगवला चंद्र. सगळ्यांचे उपास सुटले. झालं की!"

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं. अर्धी शुद्ध हरपलेली, पण प्रश्न शाळेतला. "आयर्लंडला ना? मग चंद्र इथलाच."

इथला चंद्र! मी सकाळीच मोबाइलवर बघितलं होतं. इथला चंद्र रात्री दीड वाजता उगवणार होता. आता सव्वापाच. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडायला लागलं. मी गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडायच्या, मिटायच्या. आता जातेय ही, माझ्या हातात जातेय, आणि खाली जाऊन मी त्या पोटुशी पोरीला काय सांगू? तुझ्या आईला मी बोलून मारली?

तेवढ्यात समोर, त्या भगदाडात, धुकं थोडं विरळ झालं. आणि त्यात एक गोल दिसला. पांढरा, फिकट. डोळे न मिटता बघावं इतका शांत. कडा स्वच्छ, किरण एकही नाही.

सूर्य होता तो. मला कळत होतं सूर्य आहे म्हणून.

"विहीणबाई," मी म्हटलं, "चंद्र उगवला."

त्यांनी डोळे उघडले.

"तो बघा. समोर. उगवला चंद्र. हात जोडा."

त्या बघत राहिल्या. किती वेळ, मला माहीत नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा त्या गोलाकडं बघितलं. आणि हळूहळू दोन्ही हात वर आले, जोडले गेले. मी तळहातावर जरासं पाणी घेतलं, आपण चंद्राला अर्घ्य देतो तसं त्या दिशेला सोडलं आणि म्हटलं, "गणपतीबाप्पा मोरया. सोडा उपास." बाटली ओठांना लावली.

त्या प्यायल्या. एक घोट, दोन घोट. ठसका लागला, थांबले. परत प्यायल्या. बाटली संपल्यावर मी उरलेल्या पुड्या फोडून बोटानं साखर त्यांच्या जिभेवर ठेवली. शाल दोघींच्या अंगावरून घेतली आणि त्यांना छातीशी धरून बसून राहिले. तो गोल पुन्हा धुक्यात गेला. मी त्या सूर्याला मनात म्हटलं, बाबा रे, तू सूर्य आहेस हे कुणाला सांगू नकोस.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा थरथराट थांबला. त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं.

"माझी चप्पल कुठं आहे?"

"गेली," मी म्हटलं. "जाऊ द्या." आणि शेवटचा राजगिऱ्याचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या हातचं पहिलं गोड त्यांनी खाल्लं ते तिथं, त्या गडावर, चुरा चुरा करून.

पावणेसहाच्या सुमाराला बॅटरीचा उजेड हलत हलत वर आला. तो खालचा म्हातारा. त्यानं आमच्याकडं बघितलं, माझा रक्ताळलेला गुडघा बघितला, त्यांचा एक अनवाणी पाय बघितला. "तुमच्यातलं आजारी कोण?" त्यानं विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बोट केलं. त्यानं विहीणबाईंना दंडाला धरून एकेक पाऊल खाली आणलं, फाटकाजवळच्या आपल्या खोपटात बसवून दुधाचा गोड चहा पाजला आणि बसवाल्याला थांबवून ठेवलं. मी त्याच्या पाया पडले. तो फार घाबरला बिचारा.

घरी आम्ही दोघींनी एवढंच सांगितलं की चप्पल पडली आणि मी घसरले. ठरवून नाही, आपोआपच.

खरी भीती पुढंच होती. त्या अंगारकीनंतर पाचव्या दिवशी ऋताला कळा आल्या, दिवस भरायच्या आधी. मुलगी झाली. रडली नाही. निळसर, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळ्या. नऊ दिवस. नऊ दिवस मी त्या पेटीसमोर खुर्चीत बसून होते आणि मनात एकच. ह्या बाळासाठी त्या बाईनं पाणी सोडून जो संकल्प केला होता, तो मी खोटा चंद्र दाखवून मोडला. तिला फसवलं, देवाला फसवलं, आणि आता ते ह्या जिवावर आलं. समोरच्या खुर्चीत विहीणबाई बसलेल्या असायच्या. मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. त्याही माझ्याकडं बघत नव्हत्या. मला वाटायचं, त्यांना कळलंय, त्या मनात मला शाप देतायत.

दहाव्या दिवशी पोर रडली. असं भोकाड पसरलं की नर्ससुद्धा हसली. मुक्ता नाव ठेवलं.

पण भीती गेली नाही. मुक्ताला ताप आला की मला तो पांढरा गोल दिसायचा. ती चालायला उशिरा लागली तेव्हा दिसला. सायकलवरून पडून हात मोडला तेव्हा दिसला. दर अंगारकीला मी निर्जळी करायला लागले, खरीखुरी, लाडूबिडू काही नाही. कुणाला कारण सांगितलं नाही. कसं सांगणार?

गेल्या श्रावणात पोरं सुट्टीला आली. मुक्ता नऊ वर्षांची झालेली, एक क्षण गप्प बसत नाही. तिला किल्ला बघायचा होता म्हणून सगळे पन्हाळ्याला गेलो. दुपार कलल्यावर ऋता-सौमित्र कणसं आणायला गेले आणि आम्ही दोघी आज्या तिला घेऊन तटाजवळच्या बाकावर बसलो. पन्हाळ्यावर श्रावणात काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. ढग अंगावरून जातात. दरी दिसेना, तट दिसेना. मला ते आवडत नाही आता. मी मुक्ताचा फ्रॉक मागून धरूनच ठेवला होता.

ढग जरा पातळ झाला आणि पोर ओरडली, "आज्जी, मून! चंद्र बघ!"

मी तिचा फ्रॉक आणखी घट्ट धरला. तोच. पांढरा, फिकट, शांत.

"चंद्र नव्हे गं तो," विहीणबाई सहज म्हणाल्या. "सूर्य आहे. धुक्यातून असाच दिसतो. पश्चिमेला, ह्या वेळी, सूर्यच असणार."

मुक्ता तटाकडं बघत काहीतरी गुणगुणत बसली. मी विहीणबाईंकडं वळले. त्या समोरच बघत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "तेव्हा? त्या गडावर?"

"तीस वर्षं भूगोल शिकवला, विहीणबाई."

"पण तुम्ही शुद्धीत नव्हतात!"

"मधूनमधून होते. विझत होते नि पेटत होते. तुम्ही चंद्र म्हणालात तेव्हा पेटलेली होते. मला कळलं, तो सूर्य आहे. आणि मला हेही कळलं की आता प्यायले नाही तर मी मरणार. मला मरायची फार भीती वाटली हो. म्हणून हात जोडले."

मी बाकावर त्यांच्याजवळ सरकले.

"मुक्ता पेटीत होती ना," त्या हळू म्हणाल्या, "तेव्हा मला तुमच्याकडं बघवत नव्हतं. वाटायचं, ह्या बाईला बिचारीला वाटतंय, आपण हिला वाचवलं. आणि मी जाणूनबुजून संकल्प मोडलाय. नातीच्या जिवापेक्षा मला माझा जीव प्यारा झाला. दर अंगारकीला देवाची माफी मागते मी. नऊ वर्षं."

"अहो," मी म्हटलं, "अहो, मी पण!"

आणि मग मला रडू आवरेना. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या बाकावर एकमेकींचे हात धरून रडत होतो. "काय झालं आज्जी?" करत मुक्ता आमच्या मध्ये घुसली. काय सांगणार तिला? मी तिला मांडीवर ओढली. मोठी झालीय, मावत नाही, तरी ओढली.

"मी तुम्हाला फसवलं असं मला वाटत होतं," मी म्हटलं.

विहीणबाईंनी डोळे पुसले. "खोटं तुम्ही एकट्या नाही बोललात," त्या म्हणाल्या. "हात मीही जोडले होते."

कणसं आली. विहीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि त्यांच्या जेवणाची वेळ टळून गेली होती हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मी पर्स उघडली. नऊ वर्षांत ती साखरेच्या पुड्यांशिवाय कधी घराबाहेर पडलेली नाही. एक पुडी फोडून मी हात पुढं केला, आणि त्यांनी काही न विचारता तोंड उघडलं.